तुला कसं कळतं?

माझी ताई शाळेत विज्ञान शिकवते आणि मी त्याच शाळेत चित्रकला. आमचं एकमेकींशी पटत नाही, असं शिक्षकांच्या खोलीचं ठाम मत आहे. ते साफ चूक आहे. आमचं उत्तम पटतं, फक्त बाहेरून ऐकणाऱ्याला ते भांडण वाटतं. आणि आधीच सांगून ठेवते, ताईबद्दल मला शांतपणे लिहिता येणार नाही. जी बाई दिवसभरात एकदाही धड खुर्चीला टेकत नाही, तिच्याबद्दल शांतपणे काय लिहायचं?

मुलांनी तिचं नाव ठेवलंय 'उलटतपासणी'. एखादं पोर म्हणालं, "बाई, कळलं नाही," तर आम्ही बाकीचे काय करतो? तेच वाक्य पुन्हा म्हणतो, जरा मोठ्या आवाजात. मीही तेच करते, उगाच साळसूदपणा कशाला. ताई मात्र स्टूल ओढून त्या पोरासमोर बसते आणि विचारते, "बरं, तुला एरवी एखादी गोष्ट कशी कळते? ऐकून? हाताने करून? दुसऱ्याला सांगता सांगता?" पोर गांगरतं. आजवर त्याला सगळ्यांनी 'कळलं का' एवढंच विचारलेलं असतं. ताई मात्र उत्तर मिळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं आमच्या बाबांच्या दुकानात. बाबा शिंपी होते. घराची पुढची खोली हेच दुकान. तिथे एक गृहस्थ यायचे, त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगलाच खाली होता. बाकीचे शिंपी माप घेताना त्यांना म्हणायचे, सरळ उभे राहा. बाबा कधी म्हणाले नाहीत. ते आपले दोन्ही खांद्यांचं वेगवेगळं माप घ्यायचे, आणि सदरा असा बेतायचे की त्या गृहस्थांना आरशासमोरून हलवावं लागायचं. "बसला नाही तर कपडा उसवायचा असतो, माणूस नाही," असं ते शिलाई उसवता उसवता म्हणायचे. ताई मशीनशेजारी बसून टाके काढायला मदत करायची आणि मी टेबलाखाली फरशीवर त्यांच्या खडूने चित्रं काढायची. दोघींनी आपापलं पुढचं आयुष्य तिथूनच उचललं म्हणायचं.

ताईच्या वर्गात एक मुलगी होती, भिंगरी. तिला बाकावर बसवून दाखवेल त्याला मी बक्षीस द्यायला तयार होते. ताईने तिचं बाकच काढून टाकलं. खिडकीपाशी एक उंच कट्टा दिला, उभ्याने लिही म्हणाली, आणि काचसामान वाटणं, फळा पुसणं, पंखे लावणं सगळं तिच्या गळ्यात घातलं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारातून बघून म्हणाले, "हे काय नवीन?" ताई म्हणाली, "सर, तिचे पाय थांबले की डोकं थांबतं. मला डोकं चालू हवंय." सर पुढच्या वर्गाकडे वळले. ताईशी वाद घालायचा म्हणजे त्यांना मधली सुट्टी पुरत नाही.

आणि मग आली टिचकी.

टिचकीला जन्मापासून दिसत नाही. नियमाने तिला आमच्या शाळेत प्रवेश मिळाला होता, पण नियम तिला फाटकापर्यंत सोडून घरी निघून गेला होता. विज्ञानाच्या तासाला तिला वाचनालयात बसवून कानाला रेकॉर्ड केलेले धडे लावून द्यायचे, अशी सोय ठरली. ताईला हे कळलं आणि ती तरातरा वाचनालयात गेली, मुलीला हात देऊन प्रयोगशाळेत घेऊन आली आणि तिला तोच प्रश्न विचारला. "तुला कसं कळतं?"

मुलगी हसली. तिने समोरच्या फळीवरच्या बाटल्यांना एकेक टिचकी मारत नेली. "ही अर्धी आहे. ही काठोकाठ. ही रिकामी. आणि बाई, हिला तडा गेलाय, टाकून द्या."

त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. "अगं, तडा! मी रोज ती बाटली हातात घेते, मला दिसला नाही!" मग तिने माझ्या घरातल्या सगळ्या बाटल्यांना, बरण्यांना आणि शेवटी माझ्या नवऱ्याच्या चहाच्या कपालाही टिचकी मारून पाहिली. टिचकी हे नाव त्या दिवसापासून पडलं. मुलीला ते इतकं आवडलं की तिने ते वर्गात स्वतःच जाहीर केलं.

पुढचं वर्ष आमच्या घरादाराला जड गेलं. ताईने इंजेक्शनच्या, सुईशिवायच्या पिचकाऱ्या आणल्या आणि त्यांच्या दांड्यांवर कानशीने खाचा पाडल्या. दांडा ओढताना नखाला खाच लागली की तेवढं माप भरलं. मोजपात्र बघायची गरज नाही. बाटल्यांच्या गळ्यात निरनिराळ्या गाठींचे दोरे बांधले. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवण्याची जबाबदारी मामांवर. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, आमच्यापेक्षाही जुने. त्यांनी ती इतकी मनावर घेतली की मी एकदा चुकून कात्री इकडची तिकडे ठेवली तर मला मुलांसमोर झापलं.

मलाही कामाला जुंपलं होतंच. टिचकीसाठी मी पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून चंबूचं चित्र केलं, बोट फिरवून आकार कळावा म्हणून. छान झालं होतं, मी खूश होते. टिचकीने बोट फिरवलं, मग हातातला खरा चंबू गोल फिरवला, पुन्हा चित्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या चंबूला मागची बाजू का नाही?" इतकी वर्षं चित्रकला शिकवतेय, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्याचं अजून उत्तर शोधतेय.

सगळ्यात कहर केला कांद्याने. आम्ल कोणतं आणि आम्लारी कोणती हे बाकीची मुलं रंगावरून ओळखतात. आम्लारी म्हणजे आम्लाच्या बरोबर उलट वागणारी, ही माझी व्याख्या. ती ऐकून ताई कपाळाला हात लावते. तर टिचकीला रंगाचा काय उपयोग? पण कांद्याच्या रसात भिजवलेल्या चिंधीवर आम्लारी टाकली की कांद्याचा वास जातो आणि आम्ल टाकलं तर राहतो. हे ताईला माहीत होतं. बाबांच्या दुकानातल्या उरलेल्या चिंध्यांना अखेर काम मिळालं. चिरलेल्या कांद्यात त्या घालून ताई स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवायची. भावोजी वर्षभर कांद्याच्या वासाचं लोणी आणि कांद्याच्या वासाचं दूध गिळत होते. "मुलगी पास झाली की हा फ्रिज मी तुझ्या शाळेलाच देणगी देणार," म्हणायचे. पण चिंध्या ते स्वतःच कापून द्यायचे, हेही सांगायला हवं.

टिचकीला वास पटापट कळायचे. तिच्यामुळे अख्खा वर्ग डोळे मिटून नाकाने काम करायला शिकला. भिंगरी तिची जोडीदार. एक हलत राहायची, दुसरी ऐकत राहायची आणि त्यांचं टेबल सगळ्यात आधी मोकळं व्हायचं.

परीक्षा जवळ आली तेव्हा मोठ्या सरांनी ताईला बोलावलं. सर मनाने वाईट नाहीत, उलट जरा जास्तच मऊ आहेत. म्हणाले, "तिला प्रात्यक्षिकातून सूट मिळते. गुणही मिळतात. कशाला त्या पोरीला ताण?"

"आणि सूट घेतली की पुढे विज्ञान शाखेला प्रवेश नाही," ताई म्हणाली. "तिला औषधं बनवायच्या कारखान्यात काम करायचंय, सर. सूट घेतली तर ती स्वतःच्याच तोंडावर दार लावून घेणार आहे."

टिचकीची आईही घाबरली होती. ती कपडे इस्त्री करून देण्याचं काम करते, हातांवर चटक्यांचे डाग आहेत. ती म्हणाली, "बाई, मी डोळस असून रोज भाजते. हिच्या हातात कशाला आम्ल?" ताईने तिला विचारलं, "इस्त्री पुरेशी तापली हे तुम्हाला कसं कळतं?" आई म्हणाली, "ओलं बोट लावून बघते ना. चर्र वाजलं की तापली." मग स्वतःच थबकली. टिचकी शेजारी उभी होती, ती म्हणाली, "म्हणजे तूही कानानेच बघतेस." आई हसायला लागली आणि हसता हसता तिने होकार दिला.

शेवटी ठरलं ते असं. टिचकी सगळ्या वर्गाबरोबर परीक्षा देईल, पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर आणि जोडीदाराशिवाय, एकटीने. नाव न लिहिलेल्या तीन बाटल्या मिळतील, एकीत आम्ल, एकीत आम्लारी, एकीत नुसतं पाणी. कुठली कोणती ते ओळखायचं. कुणी मदत केली किंवा तिला जमलं नाही तर सूट घेतली असं धरायचं. ताईला आत जायची परवानगी नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी ताईबरोबरच शाळेत पोचले. तिच्या हातात चिंध्यांचा डबा, चालणं म्हणजे जवळजवळ पळणंच. जिना चढलो आणि वरच्या पायरीवर ताई खिळल्यासारखी थांबली.

"हा वास कसला?"

मलाही आला. फिनेल. साधंसुधं नाही, डोळ्यांतून पाणी काढणारं. प्रयोगशाळेच्या दारात मामा उभे, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर दिवाणखाना सजवल्याचा आनंद. "बाई, बघा कशी लखलखतेय! बाहेरचे साहेब येणार, आपल्या पोरीची परीक्षा. अख्खी बाटली ओतली. टेबलंसुद्धा पुसली."

ताई खिडक्यांकडे धावली. मीच म्हणाले, "मामा, ती वासावर ओळखते हो!"

मामांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. "पोरीसाठीच धुतली हो," ते म्हणाले आणि तिथेच भिंतीला टेकले. त्यांच्यावर चिडावं तरी कसं? वर्षभर या माणसाने टिचकीसाठी एक चमचा हलू दिला नव्हता. आम्ही डोळ्यांनी जगणारी माणसं, आमच्यासाठी स्वच्छ म्हणजे चकचकीत. मी असते तर मीही तेच केलं असतं, वर दोन बोटं जास्तच ओतलं असतं.

खिडक्या उघडल्या, पंखे लावले. काही उपयोग नाही. तेवढ्यात परीक्षक आलेच. उंच, अबोल, रुमालाने नाक दाबून. ताईने त्यांना बाहेर व्हरांड्यात परीक्षा घेण्याची विनंती केली. ते म्हणाले, "आम्लाच्या बाटल्या प्रयोगशाळेबाहेर काढता येत नाहीत, बाई. नियम आहे. उद्या दुसरी शाळा आहे मला." टिचकी डब्यातल्या तीन चिंध्या घेऊन बाकीच्या मुलांबरोबर आत गेली आणि दार बंद झालं.

दाराला वर काचेची पट्टी आहे. मी टाचा उंचावून आत बघायला लागले. ताई जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली, चेहरा ओंजळीत.

"मला बघवणार नाही," ती म्हणाली. "तू सांग."

"तिने पहिली चिंधी नाकाला लावली," मी म्हणाले. "नाक वाकडं केलं. दुसरी घेतली. ताई, ती ठेवून दिली. तिला काही कळत नाहीये."

"आणि परीक्षक?"

"तिच्याजवळ आलेत." दाराच्या फटीतून आवाज नीट येत होता. परीक्षकांनी स्वतः एक चिंधी हुंगली, मान हलवली. टिचकी म्हणत होती, "सर, इथे सगळ्याचाच वास फिनेलचा आहे." परीक्षकांनी चिंधी खाली ठेवली. मग अगदी सहज, काळजीच्या सुरात, त्यांनी विचारलं, "मग बाळ, आता तुला कसं कळणार?"

ताईने ओंजळीतून डोकं वर काढलं. आत भिंगरी वळून बघायला लागली. मी बघितलं, टिचकीचा चेहरा एकदम सैल झाला. हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. वर्षभर तिने त्याचीच तर उत्तरं दिली होती.

"थांबा सर," ती म्हणाली. "विचार करते."

"काय करतेय? सांग ना!" ताई जिन्यावरून कुजबुजली.

"बोटांनी टेबलावर ताल धरलाय. आता उठली. मागच्या फळीकडे गेली. बरणी काढली."

"कुठली बरणी?"

"अगं मला काय माहीत! पांढऱ्या भुकटीची!"

"दोऱ्याला गाठी किती?"

"ताई, मी काय घार आहे का?"

ताई उठून उभी राहिली. "सोडा. खायचा सोडा घेतलाय तिने." तिचे डोळे मोठे झाले होते, पण ती अजून काचेशी यायला तयार नव्हती.

आत टिचकी म्हणाली, "सर, पंखे बंद कराल का? मला ऐकायचंय."

परीक्षकांनी भिंगरीला खूण केली. पंखे थांबले. बाकीची मुलं आपापल्या टेबलांशी हातातलं काम तसंच धरून उभी राहिली, काचेवर काच वाजू नये म्हणून. आणि भिंगरी, जी बालपणापासून एका जागी उभी राहिली नसेल, तिने एका पायाने दुसरा पाय दाबून धरला.

"तिने तिन्ही नळ्यांत थोडं थोडं घेतलं," मी सांगत होते. "पिचकारीने. आता प्रत्येकात चिमूटभर सोडा. पहिली नळी कानाला. काही नाही. दुसरी. ताई, ती हसली!"

"फसफसलं. आम्ल सापडलं," ताई म्हणाली. "आता उरल्या दोन. पण आम्लारीही गप्प आणि पाणीही गप्प. दोन्ही सोड्याला तोंड उघडत नाहीत." ती व्हरांड्यात येरझारा घालायला लागली. "इथेच अडेल. हे मी घेतलंच नव्हतं. कधी लागलंच नाही ना, कांदा होता!"

मी पुन्हा आत पाहिलं. टिचकी हलत नव्हती. मोठे सर मागच्या कोपऱ्यात उभे होते, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मला इतका राग आला की दारावर बुक्की मारावी. मग टिचकीने नवी नळी घेतली.

"ताई, ती आता मिसळतेय. मधल्या बाटलीतलं, ते सापडलेलं आम्ल, थोडंसं. त्यावर पहिल्या बाटलीतलं, दुप्पट. मग सोडा."

"काय?" ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मग?"

"कानाला लावली. अगं फसफसतंय, मला बुडबुडे दिसतायत!"

"म्हणजे आम्ल जिवंतच आहे. म्हणजे पहिल्या बाटलीत पाणी!" ताईने माझा दंड असा धरला की वळ उठले. "आता तिसरी. तिसरीने आम्ल मेलं पाहिजे."

आत टिचकीने पुन्हा तसंच केलं. थोडं आम्ल, वर तिसऱ्या बाटलीतलं दुप्पट, मग सोड्याची चिमूट. नळी कानाशी नेली. अख्खी खोली तिच्याबरोबर ऐकत होती. तिने नळी दुसऱ्या कानाला लावून पाहिली. मग ती परीक्षकांच्या दिशेने पुढे केली.

"तुम्हीच ऐका, सर. काहीच वाजत नाही. हिने आम्ल खाऊन टाकलं. ही आम्लारी, मधलं आम्ल आणि पहिलं पाणी."

परीक्षकांनी नळी कानाला लावली. डोळे मिटून घेतले. त्या अबोल माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं आणि ते म्हणाले, "पुन्हा एकदा कर. परीक्षा झाली तुझी. हे मला नीट ऐकायचंय म्हणून."

इकडे ताई व्हरांड्यात अक्षरशः नाचत होती. चिंध्यांचा डबा खाली पडला, कांद्याचा वास फिनेलमध्ये मिसळला, मामा धावत आले, ती त्यांचेच हात धरून त्यांना गोल फिरवायला लागली. "मी शिकवलं नव्हतं! मामा, हे मी तिला शिकवलेलं नाही! तिने स्वतः काढलं!" इतकी वर्षं मी तिला ओळखते, तिच्या वर्गातल्या मुलांनी बक्षिसं आणली, पहिले नंबर आणले. पण इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर कधीच पाहिला नव्हता. मामांना काही कळलं नव्हतं, तरी तेही रडत रडत फिरत होते.

दार उघडलं. परीक्षक बाहेर आले, मागे मोठे सर. सरांनी 'सूट' असं लिहायला खिशातून पेन काढलेलं होतं, ते परत खिशात ठेवत परीक्षक काय म्हणतात ते ऐकत होते. परीक्षक म्हणाले, "सूट? कशातून? माझ्या पुढच्या शाळेत मी हा प्रयोग सगळ्यांना करायला लावणार आहे." आत भिंगरीचा आवाज आला, "सर, माझी पाळी आहे ना? मीही कानानेच करू?" आणि खाडखाड पाय वाजले. तिने धरून ठेवलेला पाय अखेर सोडला होता.

मग टिचकी आली. तिने दाराच्या चौकटीला एक टिचकी मारली, तिचा उंबरठा ओळखायचा रिवाज तो, आणि आमच्यासमोर येऊन थांबली. ताई हुंदका दाबून, श्वास रोखून उभी होती. तिला टिचकीला काहीतरी चांगलं, मोठं म्हणायचं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

"बाई," टिचकी म्हणाली, "तुम्ही रडताय."

"तुला कसं कळलं?" ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

टिचकीने हात पुढे करून ताईचा चेहरा शोधला आणि ओला गाल पुसला. "तुम्ही इतका वेळ गप्प कधी असता?"